श्रवणमज्जातंतूवरील गाठ आणि ऐकण्याचे रक्षण

दुकानात बसून टेलिफोन घेणारा एखादा मनुष्य वर्षानुवर्षे तो डाव्या कानाला लावीत आलेला असतो. मग केव्हातरी तो नकळत उजव्या कानाला लावू लागतो. असे का, म्हणून विचारले तर त्याला नीट सांगता येत नाही. डाव्या कानात आवाज येतो, परंतु शब्द उमटत नाहीत, एवढेच त्याच्या ध्यानात आलेले असते. रात्री निजल्यावर त्याच कानात रातकिडा किरकिरावा तसा नाद चालू असतो. कानात मळ साठला असेल, सर्दीने दडे बसले असतील, वय झाले, अशी कारणे घरातील माणसे सुचवितात. आणि बहुतेक वेळा ती खरीही असतात. परंतु अशा शेकडो माणसांत एखादा असा निघतो की, ज्याच्या कानाच्या पडद्यात, हाडांत, कशातच दोष नसतो. दोष असतो तो कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर वाढत असलेल्या एका गाठीत.

ही गाठ म्हणजे कर्करोग नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. ती शरीरात अन्यत्र पसरत नाही, आसपासच्या अवयवांत मुळे रोवीत नाही. मज्जातंतूंच्या धाग्यांभोवती वेष्टन घालणाऱ्या पेशींना, त्यांचा शोध लावणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून, श्वान पेशी म्हणतात. त्या पेशींची मर्यादेबाहेर वाढ झाली म्हणजे ही गाठ तयार होते. वर्षाकाठी लाख लोकवस्तीत एक ते तीन-चार माणसांत तिचे निदान होते. तिचे रूढ इंग्रजी नाव ‘अ‍ॅकूस्टिक न्यूरोमा’ असे आहे. पण ते दोन्ही अंगांनी चुकीचे आहे. गाठ निघते ती बहुधा ऐकण्याच्या मज्जातंतूवर नव्हे, तर त्याच्या शेजारून जाणाऱ्या, शरीराचा तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूवर. आणि ती मज्जातंतूची नसून त्याच्या वेष्टनाची असते. म्हणून १९९१ मध्ये अमेरिकेत भरलेल्या एका तज्ज्ञपरिषदेने ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ हे नाव सुचविले. जुने नाव मात्र वैद्यांच्या आणि रोग्यांच्याही तोंडून अद्याप गेलेले नाही. ‘श्रवणमज्जातंतूवरील गाठ’ हा या पुस्तिकेतील शब्दप्रयोगही त्याच जुन्या चुकीचा वारसदार आहे. तो वाचकांना लवकर कळतो, एवढ्यासाठीच ठेवला आहे.

गाठ शेजाऱ्याची असूनही बहिरेपण का यावे, हे समजण्यासाठी कानामागच्या हाडाच्या आत डोकावले पाहिजे. अंतःकर्णात शंखासारखी वेटोळी घातलेली एक नलिका असते. तिच्यात ध्वनीचे विद्युत्संदेशात रूपांतर होते. तिच्यालगतच तीन अर्धवर्तुळाकृती नलिका असतात. त्यांचे काम तोल सांभाळण्याचे. या दोहोंपासून निघणारे मज्जातंतू हाडातील एका अरुंद बोगद्यातून मेंदूकडे जातात. हा बोगदा जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा. त्यातून चार मज्जातंतू एकमेकांना खेटून जातात. पुढच्या बाजूस वर चेहऱ्याचे स्नायू हलविणारा, त्याच्याच खाली ऐकण्याचा, आणि मागच्या बाजूस वर व खाली तोल सांभाळणारे दोन. ऐकण्याच्या मज्जातंतूत सुमारे तीस हजार धागे असतात, तरी सर्वांची मिळून जाडी काडेपेटीतील काडीहून फारशी अधिक भरत नाही. याच बोगद्यातून एक केसासारखी बारीक रोहिणीही जाते. अंतःकर्णाचे सारे पोषण तिच्यावर अवलंबून असते. शेताला एकच पाट असावा आणि तोही दुसऱ्याच्या बांधावरून यावा, तशी ही स्थिती आहे. ती रोहिणी काही मिनिटे जरी बंद झाली, तरी शंखाकृती नलिकेतील नाजूक रोमपेशी मरतात आणि पुन्हा उत्पन्न होत नाहीत.

अशा बोगद्यात मटारच्या दाण्याएवढी गाठ वाढली, तरी शेजाऱ्यांना दाटी होणारच. परंतु केवळ दाबानेच बहिरेपण येते, असेही नाही. कित्येकदा गाठ अगदी लहान असून कान पार गेलेला असतो, तर कधी लिंबाएवढी गाठ असूनही रोगी बरे ऐकत असतो. रोहिणीतील रक्तप्रवाह मंदावणे, गाठीतून स्रवणाऱ्या पदार्थांनी अंतःकर्णातील द्रवात फरक पडणे, अशी कारणेही यात असावीत असे आजचे मत आहे. एक लक्षण मात्र विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. या रोगात आवाजाच्या मानाने शब्दांचे आकलन अधिक बिघडते. सनईचा सूर ऐकू येतो, पण गुरुजींनी सांगितलेला शब्द ‘पाट’ की ‘पाठ’, हे उमगत नाही.

या रोगाचा इतिहास शवविच्छेदनाच्या टेबलापासून सुरू होतो. हॉलंडमधील लायडन येथील एडुआर्ड सँडिफोर्ट यांनी १७७७ मध्ये मृत शरीरात अशी गाठ पाहून तिचे वर्णन केले, आणि ती शस्त्राच्या आवाक्याबाहेरची आहे असाच त्यांचा अभिप्राय पडला. पुढे शंभराहून अधिक वर्षे तो खोटा ठरला नाही. १८९४ मध्ये लंडनचे चार्ल्स बॅलन्स यांनी, आणि १८९५ मध्ये एडिंबरोचे टॉमस अ‍ॅनंडेल यांनी अशी गाठ काढून रोगी जगविला. बॅलन्स यांनी काढलेली गाठ नेमकी याच जातीची होती की नाही, याविषयी इतिहासकारांत दुमत आहे. त्या काळची शस्त्रक्रिया कशी होती? डोक्याच्या मागील हाडाला छिद्र पाडावयाचे, लहान मेंदू बाजूला सारावयाचा आणि बोट घालून गाठ उकरून काढावयाची! रक्तस्रावाने किंवा मस्तिष्कस्तंभाला इजा होऊन बहुतेक रोगी दगावत. अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग यांनी १९१७ मध्ये या गाठींवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. गाठीचे वेष्टन तसेच ठेवून आतला गर काढावा, रोगी जगेल, असा त्यांचा मार्ग होता. आणि त्यायोगे मृत्यूंचे प्रमाण शेकडा वीसच्या आसपास उतरले. अर्थात मागे राहिलेला भाग पुन्हा वाढे. पुढे वॉल्टर डँडी यांनी वेष्टनासह संपूर्ण गाठ काढण्याची रीत बसविली. पण त्या कामी चेहऱ्याचा मज्जातंतू सहसा बळी पडे. जीव वाचे, मात्र अर्धा चेहरा कायमचा लुळा पडे, डोळा मिटेनासा होई. जेथे जीव आणि चेहरा यांचीच अशी ओढाताण, तेथे ऐकण्याचा विचार कोण करणार?

हे चित्र पालटले ते सूक्ष्मदर्शकामुळे. लॉस एंजेलिस येथील विल्यम हाऊस हे आधी दंतवैद्यकाचे शिक्षण घेतलेले आणि नंतर कानाच्या शस्त्रक्रियेकडे वळलेले गृहस्थ. हाड कोरण्याच्या कामात दंतवैद्याचा हात बसलेला असतोच. १९६१ पासून त्यांनी शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक आणि वेगाने फिरणारी कोरणी यांच्या साह्याने, मेंदूच्या शस्त्रवैद्यांना सोबत घेऊन, कानाच्या हाडातूनच त्या बोगद्यापर्यंत पोहोचण्याचे मार्ग सिद्ध केले. १९६४ मध्ये त्यांनी आपला अनुभव सविस्तर प्रसिद्ध केला. बोगद्याच्या टोकाशी चेहऱ्याचा मज्जातंतू आणि तोलाचा वरचा मज्जातंतू यांच्यामध्ये हाडाची एक बारीक उभी कड असते. त्या कडेला शस्त्रवैद्य आजही ‘बिलची कड’ म्हणतात. बिल म्हणजे विल्यम. ती कड सापडली की चेहऱ्याचा मज्जातंतू सापडला. आपल्याकडे वेल्लोर येथे १९४९ मध्ये जेकब चांडी यांनी आणि मद्रास येथे १९५० मध्ये बी. राममूर्ती यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचे काम सुरू केले, म्हणजे भारतातील या विद्येचा आरंभ आणि सूक्ष्मदर्शकाचे युग यांत फारसे अंतर पडले नाही.

जीव वाचू लागला, चेहराही पुष्कळदा वाचू लागला, तेव्हा कुठे तिसरा प्रश्न विचारण्याची सवड झाली: ऐकणे वाचविता येईल काय?

येथे अनुवादकाला एक अडचण आली, ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. या विषयावरील इंग्रजी लेखांत ‘सेवा देण्याजोगे श्रवण’ अशा अर्थाचा एक शब्द पदोपदी येतो. मराठीत ते शब्दशः ठेवले तर हास्यास्पद होईल. पुष्कळ विचारांती ‘कामापुरते ऐकणे’ हा शब्दप्रयोग येथे योजिला आहे. त्याला मोजमाप आहे. शुद्ध सुरांच्या चाचणीत ५० डेसिबेलपर्यंतच्या मोठेपणाला जे ऐकू येते आणि एकाक्षरी किंवा लहान शब्दांच्या यादीतील निदान निम्मे शब्द जो बरोबर सांगतो, त्याचा तो कान कामापुरता आहे असे मानतात. अमेरिकेतील कर्ण-नासा-कंठ वैद्यांच्या अकादमीने १९९५ मध्ये याचे चार वर्ग ठरवून दिले. ३० डेसिबेलपर्यंत ऐकणारा आणि शेकडा ७० शब्द ओळखणारा कान हा पहिल्या वर्गातला. शेकडा ५० शब्दही न ओळखणारा कान शेवटच्या वर्गातला. या शेवटच्या वर्गातील कानाला श्रवणयंत्र लावूनही विशेष उपयोग होत नाही, कारण यंत्र आवाज मोठा करते, शब्द स्पष्ट करीत नाही. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर ‘श्रवण राखले’ असे एखाद्या अहवालात वाचले, तर कोणत्या वर्गातले राखले, हे विचारल्याखेरीज त्या वाक्याला अर्थ नाही. ढोलाचा आवाज कळणे आणि नातवाचे बोलणे कळणे, यांत मोठे अंतर आहे.

दुसरा कान चांगला असताना एका कानासाठी एवढा खटाटोप कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु दोन कान ही निसर्गाची उधळपट्टी नव्हे. एका बाजूने आलेला आवाज दोन्ही कानांत एकाच क्षणी पोहोचत नाही. फरक फार तर सेकंदाच्या दीडहजाराव्या भागाएवढा असतो, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. एका कानाच्या माणसाला रस्त्यात मोटारीचा कर्णा वाजला तर ती कोणत्या अंगाने आली, हे कळत नाही. लग्नघरात, बाजारात, शाळेच्या वर्गात, जेथे अनेक आवाज मिसळतात तेथे, एका कानाने एकच बोलणे वेचून घेणे अत्यंत कष्टाचे होते. शिवाय राहिलेल्या एकुलत्या एका कानाला पुढे काही झाले तर काय, ही टांगती तलवार असतेच.

आता शस्त्रक्रियेच्या मार्गांकडे वळू. ते मुख्यतः तीन आहेत आणि ऐकण्याच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पहिला मार्ग हाऊस यांनी रूढ केलेला, अंतःकर्णातून जाणारा. कानामागचे हाड कोरीत कोरीत अर्धवर्तुळाकृती नलिका काढून टाकतात आणि बोगदा उघडतात. यात लहान मेंदूला जवळजवळ धक्का लागत नाही, चेहऱ्याचा मज्जातंतू प्रारंभीच दृष्टीस पडतो, आणि गाठ कितीही मोठी असली तरी हा मार्ग चालतो. परंतु अंतःकर्ण उघडले की त्यातील द्रव निघून जातो आणि त्या कानाचे ऐकणे त्याच क्षणी, कायमचे, संपते. कान आधीच गेलेला असेल तर हा मार्ग उत्तम. कान शाबूत असेल तर हा मार्ग निवडणे म्हणजे ऐकण्यावर जाणूनबुजून पाणी सोडणे होय.

दुसरा मार्ग कानाच्या मागून, मोठ्या नीलेच्या पलीकडून जाणारा. हा कुशिंग आणि डँडी यांच्याच जुन्या वाटेचा सुधारलेला अवतार म्हणता येईल. हाडात सुमारे तीन सेंटिमीटरची खिडकी करून लहान मेंदू हळुवार मागे घेतात आणि गाठीचा मेंदूकडील भाग समोर येतो. लहान-मोठ्या सर्व गाठींना तो चालतो आणि अंतःकर्णाला हात लागत नाही. अडचण आहे ती बोगद्याच्या तळाशी. गाठ बोगद्यात टोकापर्यंत शिरलेली असेल, तर तिथवर पाहण्यासाठी बोगद्याची मागची भिंत कोरावी लागते, आणि त्या भिंतीच्या आतच अर्धवर्तुळाकृती नलिका दडलेली असते. कोरणी दोन मिलिमीटर पुढे गेली की नलिका उघडी पडते आणि ऐकणे जाते. न जावे तर गाठीचा तुकडा आत राहतो. या मार्गाने गेलेल्या काही रोग्यांना पुढे दीर्घकाळ डोकेदुखी छळते, हेही नमूद केले पाहिजे.

तिसरा मार्ग वरून. कानाच्या वर, कानशिलाच्या हाडात खिडकी करतात, मेंदूचा तेथील भाग त्याच्या आवरणासकट अलगद उचलून धरतात आणि बोगद्याचे छतच काढतात. टोकापर्यंतचा बोगदा असा समोर उघडा होतो, अंतःकर्ण शाबूत राहते. केवळ बोगद्यातच असलेल्या किंवा बाहेर थोडेसेच डोकावणाऱ्या, दीड सेंटिमीटरच्या आतल्या गाठींसाठी ऐकणे राखण्याच्या दृष्टीने हा मार्ग चांगला, असे अनेक तज्ज्ञ मानतात. पण फुकट काहीच मिळत नाही. वरून पाहता चेहऱ्याचा मज्जातंतू सर्वांत वर येतो, आणि गाठ त्याच्या खालून काढावी लागते. म्हणजे कान वाचविण्यासाठी चेहऱ्यावरून हात न्यावा लागतो. मोठ्या गाठीला ही वाट अपुरी पडते. वयस्क माणसाचे मेंदूचे आवरण पातळ होऊन हाडाला चिकटलेले असते, म्हणून साठीच्या पुढे हा मार्ग सहसा घेत नाहीत.

मार्ग योग्य निवडला तरी यश हातात आले असे नाही. गाठ सोलून काढताना मज्जातंतू ओढला गेला, तर शंखाकृती नलिकेच्या गाभ्यातील हाडाच्या बारीक छिद्रांतून निघणारे त्याचे धागे तेथेच तुटतात. म्हणून ज्या दिशेने ओढ कमीत कमी बसेल त्याच दिशेने, मेंदूकडून कानाकडे, सोलत जाण्याची पद्धत आहे. रक्त थांबविण्यासाठी विजेचा चिमटा वापरावा, तर त्याची उष्णता मज्जातंतूला बाधते. आणि ती केसासारखी रोहिणी तर नुसत्या स्पर्शानेही आकुंचन पावते. मज्जातंतू डोळ्यांना अखंड दिसत असूनही रोगी शुद्धीवर आल्यावर त्या कानाने काहीच ऐकत नाही, असा अनुभव शस्त्रवैद्यांना वारंवार येतो.

भूल दिलेल्या रोग्याला ‘ऐकू येते का?’ असे विचारता येत नाही. परंतु त्याच्या मज्जातंतूला विचारता येते. कानात बसविलेल्या लहान ध्वनिकातून टिक्-टिक् असे आवाज सोडतात आणि डोक्याच्या त्वचेवरील विद्युदग्रांनी मेंदूतील प्रतिसाद टिपतात. आवाजानंतर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत पाच लहान लाटा उमटतात. पहिली ऐकण्याच्या मज्जातंतूतून येते, तर पाचवी मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागातून. पाचवी लाट उशिरा येऊ लागली किंवा बुटकी झाली, की शस्त्रवैद्याने हात थांबवावा, ताण सैल करावा, कोमट पाणी सोडावे. या लाटा इतक्या क्षीण असतात की शेकडो प्रतिसादांची सरासरी काढल्यावरच त्या दिसतात. त्यात वेळ जातो, आणि इशारा मिळेपर्यंत कधी कधी अपघात होऊन गेलेला असतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी विद्युदग्र सरळ उघड्या मज्जातंतूवरच टेकवितात. तेथील लाट मोठी असते आणि बातमी तत्काळ कळते.

गाठ मुळात लहान असणे, शस्त्रक्रियेपूर्वी कान चांगला असणे, ही यशाची पहिली दोन चिन्हे होत. तिसरे चिन्ह एम. आर. आय. या चुंबकीय चित्रात दिसते: गाठीचे टोक आणि बोगद्याचा तळ यांच्यामध्ये द्रवाची पांढरी चकती उरली असेल, तर गाठ मज्जातंतूच्या मुळाशी भिडलेली नाही असे समजावे. तोलाच्या वरच्या मज्जातंतूवर निघालेली गाठ ही खालच्यावर निघालेल्या गाठीपेक्षा ऐकण्याला कमी घातक, असेही दिसून आले आहे. कारण खालचा मज्जातंतू ऐकण्याच्या मज्जातंतूला अगदी लगटून असतो.

परंतु शस्त्र हाच एक उपाय आहे काय? स्टॉकहोम येथील लार्स लेक्सेल यांनी १९६८ मध्ये सुमारे दोनशे किरणशलाका एका बिंदूवर एकवटणारे यंत्र तयार केले आणि पुढच्याच वर्षी ते या गाठीसाठी वापरले. भारतात गेल्या शतकाच्या अखेरीस दिल्ली व मुंबई येथे अशी यंत्रे आली. किरणांनी गाठ नाहीशी होत नाही. तिची वाढ थांबते, आणि दहापैकी नऊहून अधिक रोग्यांत थांबते. आरंभी मात्रा फार होती, तिने कान व चेहरा दोन्ही दुखावत. आता गाठीच्या कडेला १२ ते १३ ग्रे एवढीच मात्रा देतात आणि शंखाकृती नलिकेवर तिचा अंश चार ग्रेच्या आत राहील असे पाहतात. तरीही पुढील वर्षांत ऐकणे हळूहळू उतरत जाते. शस्त्राने कान जायचा असेल तर एका दिवसात जातो. किरणांनी तो वर्षांच्या हप्त्यांनी जातो, इतकाच पुष्कळदा फरक!

तिसरा उपाय म्हणजे काही न करणे. हा आळस नव्हे. डेन्मार्कमध्ये ५५२ रोग्यांच्या गाठी वर्षानुवर्षे नुसत्या पाहत राहिल्या. त्याचा अहवाल २००६ मध्ये निघाला. बोगद्याच्या आत असलेल्या गाठींपैकी शेकडा १७ च बाहेर वाढल्या, आणि बाहेर आलेल्यांपैकी शेकडा २९ वाढल्या. राहिलेल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. निदानाच्या वेळी सर्वच्या सर्व शब्द ओळखणाऱ्या डॅनिश रोग्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांचे ऐकणे दहा वर्षांनंतरही चांगले होते. थोडीशीही उणीव आधीच असलेल्यांत मात्र हे प्रमाण शेकडा चाळीसच्याही खाली गेले.

किरण लगेच द्यावे की वाट पाहावी, याची कसोटी नॉर्वेतील बर्गेन येथे लावण्यात आली. शंभर रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले: एका गटाला लगेच किरण, दुसऱ्याला नुसती देखरेख, आणि गाठ वाढलीच तर किरण. चार वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. किरण घेतलेल्यांच्या गाठी लहान झाल्या होत्या, यात शंका नाही. परंतु ऐकण्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे ऐकणे वाचविण्यासाठी म्हणून घाईने किरण घेण्यास या प्रयोगाने आधार दिला नाही.

अमेरिकेतील मेंदूच्या शस्त्रवैद्यांच्या काँग्रेसने २०१८ मध्ये सर्व उपलब्ध अहवाल एकत्र करून, लहान व मध्यम गाठी आणि कामापुरता कान असलेल्या रोग्यांना काय सांगावे, हे ठरविले. नुसती देखरेख ठेवल्यास दोन वर्षांनी शेकडा ७५ हून अधिकांचा कान टिकतो, पाच वर्षांनी ५० ते ७५ जणांचा, दहा वर्षांनी २५ ते ५० जणांचा. किरण घेतल्यास दोन आणि पाच वर्षांनी ५० ते ७५, दहा वर्षांनी २५ ते ५०. शस्त्रक्रियेनंतर मात्र आरंभापासूनच २५ ते ५०. हे आकडे वाचून शस्त्रक्रिया सर्वांत वाईट, असे कोणी म्हणेल. पण ते घाईचे होईल. पहिल्या दोन ओळींतील आकडे उतरत जातात, तिसरीत उतार लागतो तो पहिल्याच दिवशी. त्या दिवशी ज्यांचा कान वाचला त्यांच्यापैकी पुष्कळांचा पुढेही टिकतो, आणि गाठ निघून गेलेली असते. शिवाय पहिल्या वर्गाचा कान असलेल्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेचे आकडे याहून बरे असतात.

समजा, चाळिशीच्या एका शिक्षिकेच्या उजव्या कानामागील बोगद्यात आठ मिलिमीटरची गाठ आढळली. शब्द शेकडा ९० कळतात. चित्रात बोगद्याच्या तळाशी द्रवाची चकती आहे. तिच्यापुढे तीन वाटा आहेत आणि तिन्ही प्रामाणिक आहेत. ती थांबली, तर वर्गातील मुलांचे बोलणे पुढील काही वर्षे तरी तिला कळेल. पण कदाचित एके सकाळी कान एकाएकी बसलेला असेल, कारण या गाठींत तसेही घडते, आणि मग वाचविण्यासारखे काही उरलेले नसेल. तिने वरच्या मार्गाने शस्त्रक्रिया करवून घेतली, तर कान राखण्याची संधी तिला आज जेवढी आहे तेवढी पुन्हा येणार नाही. पण आज चांगला असलेला कान त्याच दिवशी जाण्याचा धोकाही आहे, आणि चेहऱ्याचा थोडा. या दोहोंत अधिक शहाणपणाचे कोणते, याविषयी नामवंत शस्त्रवैद्यांतही मतभेद आहेत. प्रस्तुत लेखकाला एवढे वाटते की, तिने शस्त्रवैद्याला जगाचे आकडे विचारू नयेत, त्याच्या स्वतःच्या हातचे विचारावेत: अशा गाठी त्याने किती काढल्या, कितीजणांचे ऐकणे कोणत्या वर्गात राहिले, कितीजणांचा चेहरा वाकडा झाला. जो वैद्य हे सांगतो तो रागावत नाही.

तीच गाठ तीन सेंटिमीटरहून मोठी होऊन मस्तिष्कस्तंभाला दाबीत असेल, तर हा सारा विचार बाजूला पडतो. त्या आकाराला ऐकणे वाचणे विरळा. तेथे जीव आणि चेहरा यांनाच अग्रमान द्यावा लागतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूला चिकटलेला गाठीचा पापुद्रा मुद्दाम मागे ठेवून तो पुढे वाढल्यास किरण द्यावे, अशीही रीत आता आहे. आपल्या देशातील मोठ्या रुग्णालयांत येणाऱ्या रोग्यांपैकी फार मोठा भाग याच अवस्थेत येतो: चालताना झोक जाऊ लागल्यावर, डोके दुखून दृष्टी मंदावल्यावर. त्याआधी कित्येक वर्षे एक कान गेलेला असतो, पण दुसरा चांगला असल्यामुळे त्याची दखल कोणी घेतलेली नसते. एकाच कानाचे ऐकणे दुसऱ्याहून कमी होणे, एकाच कानात सतत नाद होणे, किंवा एक कान अकस्मात बंद पडणे, यांपैकी काही झाल्यास श्रवणचाचणी व आवश्यक तर चुंबकीय चित्र काढून घ्यावे. कान अकस्मात बंद पडल्यास तर काही दिवसांच्या आतच, कारण त्यावरील औषधाचा गुण लवकर घेतल्यास अधिक येतो.

ज्यांना आनुवंशिक दोषामुळे दोन्ही बाजूंना अशा गाठी होतात, त्यांचा प्रश्न अगदी वेगळा आहे. हा दोष बाविसाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात असल्याचे १९९३ मध्ये निश्चित झाले. हे रोगी बहुधा तरुण असतात, आणि त्यांच्या बाबतीत एक कान म्हणजे अर्धे ऐकणे नव्हे, सर्व ऐकणे असू शकते. तेथे गाठ संपूर्ण काढण्याचा आग्रह सोडून कान शक्य तितकी वर्षे चालविण्याकडे कल असतो. नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅब या औषधाने काहींच्या गाठी आकसल्याचे आणि ऐकणे सुधारल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

कान गेलाच, पण गाठ काढताना ऐकण्याचा मज्जातंतू अखंड राहिला असेल, तर शंखाकृती नलिकेत विद्युदग्रांची बारीक तार बसवून त्या मज्जातंतूला थेट चेतना देता येते. ही तार कधी कधी त्याच शस्त्रक्रियेत, अंतःकर्णातून जाणाऱ्या पहिल्या मार्गानेही बसवितात. म्हणजे ज्या वाटेने ऐकणे हमखास जात असे, त्याच वाटेने थोडेसे परत आणण्याचा हा प्रयत्न आहे. मज्जातंतूही तुटला असेल तर विद्युदग्रांची पट्टी मस्तिष्कस्तंभावरच ठेवतात. हा प्रयोग विल्यम हाऊस आणि विल्यम हिट्सेलबर्गर यांनी १९७९ मध्ये प्रथम केला. तिच्यामुळे बहुतेकांना शब्द स्पष्ट कळत नाहीत. दाराची घंटा, मोटारीचा आवाज आणि समोरच्याच्या ओठांच्या हालचालींना जुळणारा बोलण्याचा ठेका मात्र कळतो.